पोलिसांपुढील कबुली आणि जेम्स स्टीफन

पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्हा कबूल केला, हे वाक्य मराठी वृत्तपत्रांच्या वाचकाला नवे नाही. वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड, मालेगाव किंवा मानोरा, कोणत्याही तालुक्यातील चोरीची वा खुनाची बातमी बहुधा याच वाक्यापाशी येऊन थांबते. वाचकाच्या लेखी खटला तेथेच निकाली निघालेला असतो. पुढे काही वर्षांनी तोच आरोपी निर्दोष सुटला की लोक चक्रावतात आणि न्यायालयाला बोल लावतात. वस्तुत: ठाण्यातील ती कबुली पुरावा म्हणून न्यायाधीशांपुढे कधी येतच नाही. ती येऊ नये, असा बंदोबस्त दीडशे वर्षांपूर्वीच कायद्यात करून ठेवलेला आहे. भारतीय पुरावा कायद्यात तो शब्दबद्ध करणारे गृहस्थ आरोपींचे कैवारी नव्हते आणि हिंदी जनतेच्या हक्कांचे पुरस्कर्ते तर मुळीच नव्हते. सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हे त्यांचे नाव.

स्टीफन यांचा जन्म ३ मार्च १८२९ रोजी लंडनमधील केन्सिंग्टन येथे झाला. घराणे कायदेपंडितांचे आणि धर्मनिष्ठांचे होते. आजोबा जेम्स स्टीफन हे गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणाऱ्या विल्बरफोर्स यांचे मेहुणे आणि सहकारी. वडील सर जेम्स स्टीफन वसाहत खात्यात वरिष्ठ अधिकारी होते. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी नष्ट करणाऱ्या १८३३ च्या कायद्याचा मसुदा त्यांच्याच लेखणीतून उतरला होता. धाकटे बंधू लेस्ली स्टीफन पुढे नामवंत समीक्षक आणि चरित्रकार झाले. विसाव्या शतकातील प्रख्यात कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फ या लेस्ली यांच्या कन्या, म्हणजे जेम्स यांच्या पुतणी.

ईटनच्या शाळेत या मुलाचे दिवस सुखाचे गेले नाहीत. थोराड मुले लहानांना छळत. अंगात बळ आल्यावर त्याने मुष्टियुद्धाने त्यांना उत्तर दिले. दुबळ्याला जगात थारा नाही, हा तेथे मिळालेला धडा आयुष्यभर त्यांच्या विचारांत राहिला. लंडनचे किंग्ज कॉलेज आणि केंब्रिजचे ट्रिनिटी कॉलेज येथे पुढील शिक्षण झाले. परीक्षेत ते फारसे चमकले नाहीत. परंतु वादविवादात त्यांचा दबदबा होता. हेन्री मेन या विद्वानाशी त्यांची मैत्री येथेच जुळली. ही मैत्रीच त्यांना पुढे हिंदुस्थानात घेऊन येणार होती.

१८५४ मध्ये स्टीफन यांनी वकिलीची सनद घेतली. पुढल्या वर्षी मेरी कनिंगहॅम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वकिली बेताचीच चालत असल्याने त्यांनी नियतकालिकांत लिहिण्यास आरंभ केला आणि थोड्याच काळात इंग्लंडातील दमदार पत्रकारांत त्यांची गणना होऊ लागली. सकाळी लेख हातावेगळा करून दिवसभर कोर्टात उभे राहावे, असा त्यांचा झपाटा होता. १८६३ मध्ये इंग्लंडच्या फौजदारी कायद्यावरील त्यांचा पहिला ग्रंथ प्रसिद्ध झाला. जमैकाचे गव्हर्नर आयर यांनी तेथील बंड अमानुषपणे चिरडले, तेव्हा त्यांच्यावर खटला भरू पाहणाऱ्या समितीचे वकीलपत्र स्टीफन यांनी घेतले होते. सत्ता कठोर असावी, मात्र ती कायद्याच्या चौकटीत चालावी, अशी त्यांची धारणा होती. या धारणेचे दोन्ही भाग लक्षात घेतल्यावाचून त्यांनी हिंदुस्थानात केलेल्या कामाचा उलगडा होत नाही.

१८६९ च्या अखेरीस व्हाइसरॉयच्या मंडळातील विधी सदस्य हेन्री मेन यांच्या जागी त्यांची नेमणूक झाली. व्हाइसरॉयपदी लॉर्ड मेयो होते. स्टीफन येथे अवघी अडीच वर्षे राहिले. परंतु तेवढ्या अवधीत त्यांनी केलेले काम थक्क करणारे आहे. १८७२ या एकाच वर्षात पुरावा कायदा, करार कायदा आणि सुधारित फौजदारी प्रक्रिया संहिता हे तीन मोठे कायदे संमत झाले. त्या वर्षीच्या ८ फेब्रुवारीस अंदमानात शेर अली या कैद्याने लॉर्ड मेयो यांचा खून केला. सरकार हादरले, पण विधिमंडळाचे काम थांबले नाही. १५ मार्च रोजी पुरावा कायद्यावर शिक्कामोर्तब झाले आणि १ सप्टेंबर १८७२ पासून तो अमलात आला. तोपर्यंत स्टीफन मायदेशी परतलेही होते.

इंग्लंडातील पुराव्याचे नियम शेकडो निवाड्यांत विखुरलेले होते. जिल्ह्याच्या ठिकाणी पुस्तकांवाचून काम करणाऱ्या न्यायाधीशाला त्यांचा काय उपयोग? स्टीफन यांच्या आधी विधी आयोगाने तयार केलेला मसुदा येथील गरजांना पुरेसा नव्हता. तो बाजूस सारून स्टीफन यांनी १६७ कलमांत सर्व विषय मांडला. न्यायालयापुढे कोणती वस्तुस्थिती येऊ शकते, ती कोणी आणि कशी सिद्ध करावयाची, असा त्यांचा क्रम होता. वऱ्हाड त्या वेळी निजामाचा मुलूख असला तरी १८५३ च्या तहाने त्याचा कारभार इंग्रजांकडे आला होता. त्यामुळे इंग्रजी हिंदुस्थानातील कायदे तेथे वेगळ्या आदेशांनी लागू करावे लागत. पुरावा कायदाही त्याच मार्गाने वऱ्हाडात आला आणि तेव्हा बासीम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आजच्या वाशीमच्या कोर्टात पोहोचला.

या कायद्यातील चोवीस ते सत्तावीस ही चार कलमे कबुलीजबाबाच्या प्रश्नाचा गाभा होत. चोविसाव्या कलमानुसार अधिकारी व्यक्तीने आमिष, धमकी किंवा वचन देऊन मिळवलेली कबुली अग्राह्य ठरते. पंचविसावे कलम अत्यंत आखूड आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येणार नाही, एवढेच ते सांगते. मारहाण झाली होती की नव्हती, आरोपी खुषीने बोलला की भीतीने, याची चौकशीच तेथे नाही. सव्विसावे कलम त्याहून पुढे जाते. आरोपी पोलीस कोठडीत असताना त्याने कोणाही तिऱ्हाइतापाशी दिलेली कबुली ग्राह्य नाही. ती दंडाधिकाऱ्यांच्या प्रत्यक्ष उपस्थितीत दिलेली असेल तरच ग्राह्य. गावच्या पाटलाला किंवा पत्रकाराला पुढे बसवून पंचविसाव्या कलमाला बगल देता येऊ नये, हा यामागील हेतू.

हे नियम स्टीफन यांनी शोधून काढले नव्हते. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते १४८ ते १५० या कलमांत होतेच. स्टीफन यांनी ते उचलून पुराव्याच्या कायद्यात योग्य जागी बसवले. त्यांची मुळे आणखी मागे जातात. मद्रास इलाख्यात महसुलाची वसुली आणि गुन्ह्यांचा तपास करताना लोकांचे कसे हाल केले जातात, याची चौकशी कंपनी सरकारने नेमलेल्या आयोगाने केली आणि १८५५ मध्ये तिचा अहवाल दिला. शरीर वाकवून दोराने जखडणे, बोटे चिमट्यात पिळणे असे प्रकार त्यात नोंदले गेले. कबुली मिळाली की तपास संपला अशी पद्धत रुळली, तर कबुली मिळवण्याचे उपायही रुळणारच, हे त्या अहवालाने दाखवून दिले.

स्टीफन यांनी पुढे आपल्या ग्रंथात एक आठवण नमूद केली आहे. हिंदुस्थानात असताना पोलिसांच्या मारझोडीचा विषय निघाला, तेव्हा एका अनुभवी मुलकी अधिकाऱ्याने त्यांना तिचे कारण सांगितले. ते क्रौर्य नव्हते, आळस होता. उन्हातान्हात पुरावा शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत लाल मिरची चोळणे शिपायाला सोयीचे वाटते, असा त्या सांगण्याचा आशय होता. स्टीफन यांना हे पटले. पोलिसांच्या हातची कबुली कायद्याने निरुपयोगी केली, तर ती पिळून काढण्याचे प्रयोजनच उरणार नाही आणि तपासी अंमलदाराला उन्हात हिंडणे भाग पडेल, हा या कलमांमागील व्यवहारी हिशेब होता. आरोपीविषयीची कणव हे त्याचे मुख्य कारण नव्हते.

सत्ताविसाव्या कलमाने मात्र या भिंतीला एक खिडकी ठेवली. कोठडीतील आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू वा गोष्ट उघडकीस आली, तर त्या शोधाशी स्पष्टपणे निगडित असलेला माहितीचा तेवढाच भाग ग्राह्य धरावा, असे ते सांगते. वस्तू खरोखर सापडली म्हणजे त्या माहितीत तथ्य होते, हे त्यामागचे तर्कशास्त्र. समजा, खुनाच्या आरोपीने पंचांसमक्ष सांगितले की, ज्या कुऱ्हाडीने आपण खून केला ती शेतातील विहिरीत टाकली आहे आणि ती काढून देतो. कुऱ्हाड विहिरीत सापडली, तर ती तेथे असल्याचे त्याला ठाऊक होते, एवढेच न्यायालय ऐकेल. खून केल्याचे शब्द वगळावे लागतील. निवेदन पंचनामा आणि जप्ती पंचनामा ही जोडी प्रत्येक दोषारोपपत्रात दिसते, तिचा उगम हा आहे.

या खिडकीतून किती आत येऊ द्यायचे, यावर न्यायालयांत दीर्घकाळ खल झाला. मुंबई उच्च न्यायालयाने १८७४ मध्येच जोरा हासजी यांच्या खटल्यात या कलमाला मर्यादा घातली. १९४६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने पुलुकुरी कोट्टया खटल्यात तिच्यावर कायमची मोहोर उमटवली. मुंबईतील हाजी बंदरावरून रसायनाची पिंपे चोरीस गेल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली तीच रीत अवलंबली. पिंपे कोठे ठेवली आहेत ते दाखवतो, एवढे आरोपीचे शब्द न्यायालयाने घेतले. ती आपण बंदरावरून नेली होती, हे पुढचे शब्द गाळले. पिंपे मिळाली ती जागा सर्वांना खुली होती. तेवढ्यावरून चोरी सिद्ध होत नाही, म्हणून आरोपी सुटला.

पोलिसांपुढे अग्राह्य असलेली कबुली दंडाधिकाऱ्यांपुढे ग्राह्य असते. पण त्यासाठी प्रक्रिया काटेकोर पाळावी लागते. कबुली देण्याचे बंधन नाही, दिल्यास ती विरोधात वापरली जाईल, असे आरोपीला आधी सांगावे लागते. तो स्वखुषीने बोलत आहे याची दंडाधिकाऱ्यांना खात्री पटावी लागते. त्याने नकार दिला, तर त्याला पुन्हा पोलिसांच्या ताब्यात देता येत नाही. महाराष्ट्राच्या इतिहासात या मार्गाची ठळक उदाहरणे आहेत. पुण्यात २२ जून १८९७ च्या रात्री रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. दामोदर हरी चापेकर यांचा जबाब ८ ऑक्टोबर १८९७ रोजी दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवला गेला. खटल्यात तो कबुलीजबाब म्हणून धरला गेला आणि १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात दामोदर फासावर गेले. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यातील अजमल कसाब याचा कबुलीजबाबही दंडाधिकाऱ्यांनीच नोंदवला होता. खटल्यात त्याने तो नाकारला. तरीही तो स्वेच्छेने दिलेला होता, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिला.

इतका साक्षेपी कायदा देणारे स्टीफन राज्यकारभाराच्या बाबतीत मात्र उघड साम्राज्यवादी होते. परतीच्या प्रवासात त्यांनी जॉन स्टुअर्ट मिल यांच्या स्वातंत्र्यविषयक विचारांवर टीका करणारे लेख लिहिण्यास घेतले. ते १८७३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. समाज अखेर बळाच्या धाकावर चालतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. हिंदी न्यायाधीशांना जिल्ह्याच्या ठिकाणी युरोपियन आरोपींचे खटले चालवू द्यावेत, असे सुचवणारे इल्बर्ट विधेयक १८८३ मध्ये आले, तेव्हा त्यांनी वृत्तपत्रातून त्याला कडाडून विरोध केला. इंग्रजांचे राज्य जिंकून मिळवलेले आहे, जनतेच्या संमतीवर उभे नाही, ही त्यांची भूमिका होती. मात्र असे राज्य टिकावयाचे तर त्याने न्यायदानात विश्वास कमावला पाहिजे, असेही ते मानीत.

मायदेशात त्यांना यश आणि अपयश दोन्ही लाभले. १८७३ मध्ये डंडी येथून पार्लमेंटची निवडणूक लढवून ते पराभूत झाले. हिंदुस्थानप्रमाणे इंग्लंडचाही फौजदारी कायदा संहितेत बांधावा, ही त्यांची महत्त्वाकांक्षा होती. त्यांचा मसुदा पार्लमेंटपुढे आला, आयोगाने तपासला आणि अखेर बारगळला. तो कॅनडाच्या १८९२ च्या संहितेला मात्र आधारभूत ठरला. १८७९ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. फौजदारी कायद्याचा त्रिखंडात्मक इतिहास त्यांनी १८८३ मध्ये प्रसिद्ध केला. मिरचीची आठवण याच ग्रंथात आहे.

न्यायासनावर असताना कबुलीचा प्रश्न त्यांच्यापुढे वेगळ्याच रूपात उभा राहिला. १८८७ मध्ये लंडनच्या ईस्ट एंडमधील इस्रायल लिप्स्की या तरुण ज्यू कारागिरावर एका विवाहित स्त्रीला विष देऊन मारल्याचा आरोप होता. ज्युरीने त्याला दोषी ठरवले आणि स्टीफन यांनी फाशी सुनावली. त्यानंतर पुराव्याविषयी शंका उपस्थित झाल्या. वृत्तपत्रांनी रान उठवले. स्टीफन यांनाही स्वस्थता लाभेना आणि गृहमंत्र्यांशी त्यांनी पुन:पुन्हा खल केला. फाशीच्या आदल्या दिवशी लिप्स्कीने धर्मगुरूपाशी कबुली दिली आणि न्यायाधीशांच्या मनावरचे ओझे उतरले. पुढील काळातील अभ्यासकांनी मात्र ती कबुली खरी होती काय, असा प्रश्न उपस्थित केला. मरणाच्या दारातील कबुलीविषयीही नि:शंक होता येत नाही, याचे हे उदाहरण खुद्द स्टीफन यांच्याच न्यायालयातील आहे.

१८८९ मध्ये लिव्हरपूल येथे फ्लॉरेन्स मेब्रिक या स्त्रीवर पतीला सोमल घालून मारल्याचा खटला त्यांच्यापुढे चालला. ज्युरीला समजावून सांगताना त्यांनी केलेले दोन दिवसांचे भाषण वादग्रस्त ठरले. त्यांच्या मानसिक प्रकृतीविषयी कुजबुज सुरू झाली. मेब्रिक यांची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. १९०४ मध्ये त्या सुटल्या. स्टीफन यांनी १८९१ मध्ये पदत्याग केला. ११ मार्च १८९४ रोजी इप्सविच येथे त्यांचे निधन झाले. पुढल्याच वर्षी लेस्ली यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले.

त्यांचा पुरावा कायदा मात्र साम्राज्य मावळल्यानंतरही टिकला. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने कोणाही आरोपीवर स्वत:विरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही, असे अनुच्छेद २० मध्ये नमूद करून त्या तत्त्वाला मूलभूत हक्काची जोड दिली. आरोपीने स्वत: ठाण्यात जाऊन दिलेली फिर्याद हीच कबुली असेल तर काय, असा प्रश्न अघनू नागेसिया खटल्यात उद्भवला. सत्ताविसाव्या कलमात बसणारा भाग वगळता तीही पंचविसाव्या कलमाच्या तडाख्यात सापडते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये ठरवले.

या नियमाला अपवाद करण्याचे प्रयत्नही झाले. संघटित गुन्हेगारीविरुद्ध महाराष्ट्राने १९९९ मध्ये केलेल्या मोक्का कायद्याच्या अठराव्या कलमाने पोलीस अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेली कबुली ग्राह्य ठरवली. टोळ्यांच्या दहशतीपुढे साक्षीदार उभे राहात नाहीत, हे त्याचे समर्थन होते आणि ते निराधार नव्हते. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या उपनगरी गाड्यांत बॉम्बस्फोट होऊन शंभराहून अधिक प्रवासी ठार झाले. त्या खटल्यात अशाच कबुल्यांना महत्त्व आले. विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवले, त्यांपैकी पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. कबुल्यांतील मजकुराचे विलक्षण साम्य आणि छळाचे आरोप पाहता त्या विश्वासार्ह नाहीत, असे न्यायालयास दिसून आले. सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात हा निकाल अन्य खटल्यांत पूर्वदाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. तोपर्यंत स्फोटाला एकोणीस वर्षे उलटली होती. त्या काळात बारापैकी एक जण मरण पावला होता. मृतांच्या कुटुंबीयांना न्यायाच्या प्रतीक्षेखेरीज हाती काही लागले नव्हते. कच्च्या कबुलीची किंमत आरोपी जेवढी मोजतो, तेवढीच फिर्यादीही मोजतो.

१ जुलै २०२४ पासून स्टीफन यांच्या कायद्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमाने घेतली. चोविसावे कलम बाविसावे झाले आणि त्यात आमिष, धमकी व वचन यांच्या जोडीला जबरदस्तीचाही उल्लेख आला. पंचवीस, सव्वीस आणि सत्तावीस ही तीन कलमे एकत्र करून तेविसाव्या कलमात गुंफली गेली. दंडाधिकाऱ्यांपुढील कबुलीची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या १८३ व्या कलमात गेली. झडती आणि जप्तीचे चित्रीकरणही त्या संहितेने बंधनकारक केले. क्रमांक बदलले, आशय कायम राहिला.

दीडशे वर्षांत तपासाची साधने पालटली. ठशांच्या जोडीला डीएनए चाचणी आली, भ्रमणध्वनीच्या नोंदी आल्या, चौकाचौकांत कॅमेरे आले. सावलीत बसण्याचा मोह मात्र गेलेला नाही. ठाणेदाराने आरोपीकडून काय वदवून घेतले यापेक्षा त्याने पंच, साक्षीदार, मुद्देमाल आणि तज्ज्ञांचे अहवाल किती चोख गोळा केले, यावरच खटल्याचा निकाल अवलंबून असतो. सत्तेवर निष्ठा आणि पोलिसांवर अविश्वास असलेल्या एका इंग्रज कायदेपंडिताने घातलेली ही अट स्वतंत्र भारताच्या संसदेनेही कायम ठेवली, यातच तिचे मोल स्पष्ट होते.